आतड्याच्या आजारात लिव्हरवर चरबी: मुलाच्या ताटाला हात लावण्याआधी

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे आजार) असलेल्या मुलाची सोनोग्राफी होते, रिपोर्टात शेवटी ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ अशी एक ओळ येते, आणि दुसऱ्याच दिवसापासून घरात तूप बंद, अंडी बंद, शेंगदाणे बंद. जळगाव-धुळे-नंदुरबारकडे हे सर्रास चालतं. एरवी धट्ट्याकट्ट्या, टीव्हीसमोर वेफर्स खाणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्यातलं थोडंफार बरोबरही ठरेल. पण आतड्याचा आजार असलेल्या मुलात लिव्हरवरची चरबी वेगवेगळ्या वाटांनी येते, आणि एका वाटेचा उपाय दुसऱ्या वाटेवर अपाय करतो. म्हणून ‘काय खायला द्यायचं’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, चरबी आली कुठून?

चरबीच्या वाटा

पहिली वाट उपासमारीची. ऐकायला विचित्र वाटतं, पण हाडकुळ्या मुलाच्या लिव्हरमध्येही चरबी साठते. लिव्हर चरबी तयार करतं आणि प्रथिनांच्या वेष्टनात भरून रक्तात पाठवतं. रोज जुलाबावाटे प्रथिनं जात असतील, भूक मेलेली असेल, तर हे वेष्टनच बनत नाही. रावेर-यावलला केळीचे घड कापून बांधावर ठेवले आणि ट्रक आलाच नाही, तर काय होतं? माल तिथेच पडून राहतो. तसंच हे. अशा मुलाचं तूप-अंडं तोडणं म्हणजे उरलासुरला ट्रकही परत पाठवणं.

दुसरी वाट स्टिरॉइडची. प्रेडनिसोलोन हे सूज दाबणारं स्टिरॉइड सुरू झालं की भूक खवळते, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय मात्र बारीकच राहतात. ही चरबी बऱ्याच मुलांत गोळी उतरवत नेल्यावर ओसरते.

तिसरी वाट नेहमीची, वजनाची. आतड्याचा आजार म्हणजे मूल बारीकच असणार, हा समज आता जुना झाला. औषधं लागू पडतात, पोट शांत होतं, आणि ‘पोऱ्या वाळी गया’ म्हणत वर्षभर हळहळलेलं घर मग त्याला हातचं राखून न ठेवता खाऊ घालतं. वर्षभरात वजन रेषेच्या वर जातं. लिव्हरच्या या आजाराचं नाव २०२३ मध्ये बदललं. जुन्या रिपोर्टात एनएएफएलडी आणि नव्यात एमएएसएलडी दिसलं तर घाबरू नका, गोष्ट तीच आहे.

चौथी वाट औषधांची. मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), क्वचित इतर औषधं, किंवा ऑपरेशननंतर शिरेतून दीर्घकाळ दिलेलं पोषण. आणि प्रत्यक्षात दोन वाटा एकत्र येतात: कुपोषित मुलाला स्टिरॉइड सुरू केलं की पहिली आणि दुसरी एकाच वेळी.

घरच्या घरी मोजमाप

वजनकाटा एकच ठेवा. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, हलक्या कपड्यांत वजन घ्या. उंची दर ३ महिन्यांनी: भिंतीला टाचा, कुल्ले आणि पाठ टेकवून, नजर समोर, डोक्यावर पुठ्ठ्याची वही आडवी धरून पेन्सिलची खूण. शाळेत घेतलेली उंची बूट घालून घेतलेली असते, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

मग कंबर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, मुलाने श्वास सोडल्यावर, टेप सैलही नाही आणि रुतणाराही नाही. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर पोटाची चरबी वाढली आहे असं धरा. १४० सेंटीमीटर उंचीला ७० सेंटीमीटर ही सीमा. स्टिरॉइडवरच्या मुलात वजन फसवं असतं, कंबर मात्र खरं बोलते. पोट फुगलेलं आणि टणक असेल, त्यात पाणी असल्याची शंका असेल, तर टेप ठेवून द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो. मोठ्यांची २३-२५ची सीमा मुलांना लावू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, आयएपीचे, २०१५चे तक्ते ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी वेगळे आहेत. बालरोगतज्ज्ञाला त्याच तक्त्यावर ठिपका मारून दाखवायला सांगा. एक ठिपका काही सांगत नाही, चार ठिपक्यांची रेषा सांगते.

उंचीचा ठिपका जागेवरच राहिला, तर लिव्हरपेक्षा आतड्याकडे आधी बघावं लागतं. वाढ थांबणं ही बहुतेक वेळा आत धुमसणाऱ्या सुजेची, नाहीतर लांबलेल्या स्टिरॉइडची खूण असते.

रिपोर्ट वाचताना

सगळ्यात मोठी गफलत एसजीपीटीची, म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमची. लॅबच्या कागदावर नॉर्मलची वरची मर्यादा ४०, ४५, कधी ५० छापलेली असते. ती मोठ्यांची. मुलांसाठी तज्ज्ञ जी मर्यादा धरतात ती मुलींना २२ आणि मुलांना २६ युनिट. म्हणजे ११ वर्षांच्या मुलीचा ४३ हा आकडा कागदावर काळ्या, साध्या अक्षरांत छापून येतो, शेजारी ठळक खूण नसते, आणि तरीही तो जवळपास दुप्पट असतो. दुपटीच्या वर ३ महिने टिकून राहिला तर नीट तपास हवा. ८० च्या वर गेला तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

एसजीओटी हे त्याचं जोडीदार एन्झाइम एकटं वाढलं तर लिव्हरवर लगेच खापर फोडू नका. आदल्या दिवशी कबड्डीची स्पर्धा झाली, किंवा लाल पेशी फुटत असल्या, तरी ते वाढतं. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढत्या वयात हाडांमुळे मुळातच जास्त असतं, ३००-४०० चा आकडा पाहून दचकण्याचं कारण नाही. त्याऐवजी जीजीटी बघा. ते हाडांतून येत नाही, पित्तनलिकांचं दुखणं सांगतं. ही तपासणी नेहमीच्या पॅकेजमध्ये नसली तर चिठ्ठीवर वेगळी लिहून घ्या.

अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचं माप) लांबलेलं दिसलं की कुणीतरी ‘लिव्हर खराब झालं’ असं म्हणून टाकतं. या मुलांत अल्ब्युमिन आतड्यातून गळतं, आणि व्हिटॅमिन के नीट शोषलं जात नाही म्हणूनही आयएनआर लांबतो. डॉक्टर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देऊन आयएनआर पुन्हा तपासतात. सुधारला तर दोष शोषणाचा होता. नाही सुधारला, १.५ च्या वरच राहिला, तर गोष्ट गंभीर.

सोनोग्राफीचंही खरं रूप माहीत असावं. लिव्हरच्या साधारण २० ते ३० टक्के भागात चरबी झाल्याशिवाय सोनोग्राफीत ती खात्रीने दिसत नाही. त्यामुळे ‘नॉर्मल’ म्हणजे चरबी नाहीच असं नव्हे. आणि ग्रेड १, २, ३ हा चरबीच्या चकाकीचा अंदाज आहे. लिव्हर किती कडक झालं, व्रण किती, हे तो सांगत नाही. ते फायब्रोस्कॅन सांगतो. त्यात दोन आकडे येतात: कडकपणा किलोपास्कलमध्ये, आणि चरबीचा सीएपी डेसिबल प्रति मीटरमध्ये. जाण्याआधी ३ तास मुलाच्या पोटात काही नको, नाहीतर कडकपणा खोटा वाढून दिसतो. छाती लहान असलेल्या मुलाला लहान प्रोब लागतो, तो त्या सेंटरवर आहे का हे फोनवर आधीच विचारा. एवढं न विचारता गेलेल्यांचा दिवस आणि पैसे दोन्ही जातात.

चरबीच्या आड दुसरंच काही

सोनोग्राफीत चरबी दिसली म्हणून एसजीपीटी तिच्यामुळेच वाढलं, असं गृहीत धरू नये. या मुलांत पुढची नावं एकेक करून खोडावी लागतात.

कोलायटिसबरोबर पित्तनलिकांची सूज येऊ शकते, तिला पीएससी म्हणतात. मुलांमध्ये ती पुष्कळदा ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटण्याच्या आजाराच्या) जोडीने येते. जीजीटी चढलेलं, अंगाला खाज, रक्तातल्या अँटीबॉडीच्या तपासण्यांत आयजीजी वाढलेलं, एएनए-एएसएमए पॉझिटिव्ह, असं असेल तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करावी लागते. हा आजार चरबी समजून वर्ष-दोन वर्षं दुर्लक्षित राहिला तर भरपाई अवघड.

विल्सनचा आजार, म्हणजे लिव्हरमध्ये तांबं साठणं, सोनोग्राफीत हुबेहूब फॅटी लिव्हरसारखा दिसू शकतो. त्यावर औषध आहे, म्हणूनच तो सुटता कामा नये. मेख अशी, की त्याची पहिली तपासणी, सेरुलोप्लाझमिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन), आतड्याच्या आजारात दोन्हीकडून फसवते: प्रथिनं गळत असली की खोटी कमी येते, सूज असली की खोटी नॉर्मल येते. म्हणून २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी जोडीला हवी. लघवी गोळा करायला लॅबनेच दिलेली बाटली वापरा, घरचा तांब्या-पितळेचा लोटा चुकूनही नको. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंतचा प्रत्येक थेंब बाटलीत. जुलाब होणाऱ्या मुलात शौचाबरोबर लघवी जाते आणि हिशेब चुकतो. आधी लघवी, मग शौच, ही सवय त्या दिवसापुरती लावा.

सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुवा-शहादा भागात आणि शिरपूर-चोपड्याच्या वरच्या पाड्यांवर सिकलसेल, हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार, आहे. तिथल्या मुलाची कावीळ, वाढलेलं एसजीओटी, पित्ताशयातले खडे यांचा उगम लाल पेशींत असू शकतो. सोल्युबिलिटी आणि एचपीएलसी तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. सिकलसेल असेल तर साखरेसाठीची एचबीए१सी तपासणी भरवशाची राहत नाही, उपाशीपोटीची साखर बघावी. लाल पेशींतल्या जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर कोलायटिसच्या सल्फासलाझिन या औषधाने लाल पेशी फुटू शकतात, हेही त्याच वेळी तपासून घेण्यासारखं.

आणि टीबी. आपल्याकडे क्रोन्स आणि आतड्याचा टीबी यांची गल्लत नेहमीची, त्यामुळे अनेक मुलांना क्रोन्सचं निदान होण्याआधी टीबीच्या गोळ्यांचा कोर्स झालेला असतो. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात. बायोलॉजिक (आतड्याची सूज दाबणारं इंजेक्शन) सुरू करण्याआधी टीबीला प्रतिबंध म्हणून आयसोनियाझिड दिलं जातं तेव्हाही तेच. हिपॅटायटिस बी ची लस जन्मानंतर मिळाली असली तरी बायोलॉजिकच्या आधी एचबीएसएजी (विषाणू अंगात आहे का) आणि अँटी-एचबीएस (लसीचं संरक्षण उरलंय का) बघतात. अँटी-एचबीएस १० च्या खाली असेल तर बूस्टर. हिपॅटायटिस सी आणि सेलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडण्याच्या आजाराची) टीटीजी या दोन तपासण्याही याच रांगेत उरकाव्यात.

औषधांचा हिशेब

स्टिरॉइड मनाने बंद करू नका. ‘चरबी झाली ना, मग ही गोळीच नको’ असं म्हणून एकदम थांबवली तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे ताण सोसायला लागणारं हार्मोन, झोपलेलं असतं. उलट्या, रक्तदाब खाली, बेशुद्धी, इथपर्यंत पोर जातं. उतरवण्याचा क्रम डॉक्टर आठवड्यागणिक देतात. तो कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा आणि गोळी सकाळी नाश्त्यानंतर द्या. मात्र एक प्रश्न अवश्य विचारा, विशेषतः क्रोन्स असेल तर: स्टिरॉइडऐवजी ६ ते ८ आठवडे फक्त पोषक द्रवाहार चालेल का? ईईएन नावाने ही पद्धत मुलांच्या क्रोन्समध्ये पहिल्या पसंतीची आहे, आणि तिच्यात स्टिरॉइडची चरबी येत नाही. कोलायटिसमध्ये ती चालत नाही. या पावडरीच्या डब्यावर साखरेचा आकडा पाहून बिचकू नका, तो आहार मोजून बांधलेला असतो.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज नाही. हे वाक्य फ्रिजवर चिकटवा. दुकानातल्या पाकिटावर ‘१ गोळी’ एवढंच लिहिलेलं असतं, घरातलं दुसरं कुणी रोजची समजून देतं, आणि आठवड्याभरात तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी कोसळतात. वार ठरवा, समजा रविवार, आणि त्या वाराचं नाव पाकिटावर मार्करने लिहा. सोबत फॉलिक अॅसिड डॉक्टर सांगतील तसं. रक्त तपासायचं तर पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी डोसआधी द्या. डोसनंतरचे पहिले एक-दोन दिवस एसजीपीटी तात्पुरतं चढतं आणि विनाकारण धावपळ होते.

अॅझाथायोप्रिन (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू करण्याआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांची तपासणी विचारा; त्यांत बदल असेल तर या औषधाने रक्तपेशी कोसळू शकतात. दुसरीतला बदल आपल्या लोकांत कमी नाही. सुरुवातीच्या तीन महिन्यांत सीबीसी आणि एसजीपीटी वरचेवर, नंतर साधारण दर ३ महिन्यांनी.

तापाला पॅरासिटामॉल एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम, २४ तासांत ४ वेळांपेक्षा जास्त नाही. २५ किलोच्या मुलाला ३७५ मिलिग्रॅम. सिरपमध्ये दोन ताकदी मिळतात, ५ मिलीत १२५ आणि ५ मिलीत २५०. आधीची बाटली पहिल्या ताकदीची, नवी दुसऱ्या, आणि मिली मात्र जुनेच दिले, तर डोस दुप्पट होतो. बाटली उन्हाच्या उजेडात धरून आकडा वाचा. मूल फारच खंगलेलं असेल तर किती द्यायचं हे आधी डॉक्टरांना विचारा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा, आतड्याचं दुखणं उसळतं.

ताट: खंगलेल्या मुलासाठी

लक्ष्य प्रथिनांचं. आजार जागा असताना किलोला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. ३० किलोच्या मुलाला ३६ ते ४५ ग्रॅम. आता घरच्या मापात: एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, वाटीभर घट्ट वरणात ६-७, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, मूठभर शेंगदाण्यांत ७-८, मध्यम ज्वारीच्या भाकरीत ५-६. म्हणजे दोन अंडी, दोन पेले दूध, दोन वाट्या वरण, दोन भाकऱ्या, झाले ४५ च्या पुढे. कागदावर सोपं आहे. भूक नसलेल्या पोराच्या गळी उतरवणं अवघड. म्हणून तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान करा, आणि वरणाचं पाणी भरवू नका. पाण्यात काही नसतं, डाळ तळाशी असते.

दूध सोसत नसेल तर दही, घरचं पनीर. वरणावर चमचाभर तूप असू द्या. आतडं आकसलेलं असेल तर साल, बिया, अख्खे दाणे अडकतात: शेंगदाण्याचा बारीक कूट, सालं काढलेली मुगाची डाळ, मऊ भात. भरीत करायचंच तर बिया झालेलं जून वांगं नको. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि उडीद एकमेकांची उणीव भरून काढतात, पण अख्ख्या उडदाच्या सालांमुळे ती दुखणं शांत असतानाच द्यावी. उठाव असताना तिने पोट गुबारतं.

फार दिवस उपाशी राहिलेल्या, अंगावर फक्त कातडी उरलेल्या मुलाला घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फरस घसरून हृदयावर येऊ शकतं. त्याची सुरुवात दवाखान्यात, रक्त तपासत तपासत व्हावी.

उपवासाचं म्हणाल तर या मुलांना नकोच. साबुदाण्यात स्टार्च आहे, प्रथिनं जवळपास शून्य.

ताट: वजन चढलेल्या मुलासाठी

इथे पहिली कात्री साखरेला, तुपाला नाही. साखरेतलं फ्रुक्टोज थेट लिव्हरमध्ये जाऊन चरबी बनतं. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे ६ छोटे चमचे. एका साध्या दिवसाचा हिशेब बघा: सकाळच्या चहात २ चमचे, शाळेतून येताना थंड पेयाची २०० मिलीची बाटली म्हणजे ५, संध्याकाळी चार बिस्किटं म्हणजे २. झाले ९, आणि यातलं एकही ‘गोडधोड’ म्हणून कुणी मोजलेलं नाही. उसाचा रस त्याच मापाचा. गूळ, काकवी, मध हेही साखरच.

केळीला मात्र बदनाम करू नका. जळगावकडे राहून मुलाला केळं बंद करणं याला काही शास्त्र नाही. क्रोन्ससाठी वापरल्या जाणाऱ्या क्रोन्स डिसीज एक्स्क्लुजन डाएटमध्ये तर रोज दोन केळी ठरवून दिलेली असतात. केळ्याची साखर तंतूंसकट हळू जाते. साखर घातलेलं शिकरण आणि तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स ही वेगळी गोष्ट. आंब्याच्या दिवसांत बिनसाखरेचा रस एक लहान वाटी, जेवणातच, पोळीच्या हिशेबात धरून. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरणपोळी एक खाल्ली तर आभाळ कोसळत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच ताट पुढे येतं, तिथे अडतं.

तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. पाच माणसांच्या घरात अडीच लिटर. महिन्याच्या १ तारखेला तेवढं एका डब्यात काढा आणि त्यातूनच वापरा. आपल्या रश्श्याला तर्री लागते हे खरं, पण ती सगळ्यांच्या वाटीत लागत नाही: शेवभाजीचं पातेलं पाच मिनिटं स्थिर ठेवा, पळी वरवर फिरवून तर्री मोठ्यांच्या वाटीत काढा, खालचा रस्सा मुलाला. शेव मोजून, मूठभर. बट्टी उकडून झाल्यावर तळण्याऐवजी काप करून तव्यावर चमचाभर तेलात परता. बिबडे (ज्वारीचे पापड) भाजून. मिरचीने लिव्हरवर चरबी चढत नाही, फक्त आजार उठलेला असताना ठेचा बाजूला.

या मुलाचं वजन उतरवण्याची घाई नको. वाढत्या वयात वजन जागच्या जागी ठेवलं तरी काम होतं. १४० सेंटीमीटर, ४५ किलो म्हणजे बीएमआय २३. वर्षभरात उंची ६ सेंटीमीटरने वाढली आणि वजन तेच राहिलं तर तो २१ वर येतो. उलट काही न करता महिन्याभरात शरीराच्या ५ टक्के वजन घटलं, तर आनंद मानू नका. आहाराचं यश म्हणून शाबासकी मिळालेली कितीतरी वजनं खरं तर आजाराच्या उसळीची असतात. शौचाची कॅलप्रोटेक्टिन ही आतड्याची सूज मोजणारी तपासणी करा: ५० च्या खाली शांत, २५० च्या वर आतडं बहुधा धुमसतंय. मे महिन्यात नमुना तसाच टेबलावर ठेवू नका, उष्णतेने आकडा खोटा घसरतो. फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवा.

खेळ रोज तासभर, घाम येईल आणि दम लागेल असा. सुरुवात १५ मिनिटांची चालेल. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सकाळी ८ च्या आत किंवा दिवस मावळल्यावर. जुलाब चालू असतील तर ओआरएस जवळ हवं. खरं ओआरएस म्हणजे लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असलेली पुडी. दुकानातलं गोड डबापेय नव्हे.

काढे आणि मुळ्या

लिव्हर म्हटलं की कुणी गुळवेल सुचवतं, कुणी गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याकडे धाडतं. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले, आणि ती इजा ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी होती. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीरावर उलटलेली आहे, त्याला हे देऊ नये. भस्मं नकोत, ‘लिव्हर टॉनिक’ची गरज नाही. व्हिटॅमिन ई ची मुलांवर चाचणी झालेली आहे, पण सरसकट द्यावं असं त्यातून निघालं नाही. फॅटी लिव्हरसाठी मुलांना मान्यता मिळालेली गोळी नाही, हे दुकानदाराला न पटलं तरी खरं आहे.

पुन्हा कधी, आणि कुठे

पहिल्या रिपोर्टानंतर ३ महिन्यांनी एसजीपीटी, जीजीटी, वजन, उंची, कंबर. चढलेलं वजन असेल तर लिपिड, साखर, रक्तदाबही. एसजीपीटी उतरत असेल तर पुढची तपासणी ६ महिन्यांनी, सोनोग्राफी वर्षाने. उतरत नसेल, किंवा प्लीहा वाढली, प्लेटलेट दीड लाखाच्या खाली गेल्या, तर मुलांच्या पोटविकारतज्ज्ञाकडे. मुंबई-पुणे गाठावं लागतं, नंदुरबार-नवापूरकरांना सुरत जवळ. शासकीय योजनेत काय बसतं ते योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही.

डोळे पिवळे, लघवी गडद, काळी शी, रक्ताची उलटी, पोट पाण्याने फुगलेलं, किंवा मूल दिवसा गुंगलेलं आणि बरळणारं: यातलं एकही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच रात्री जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या.

प्रवासात अॅडालिमुमॅब या बायोलॉजिकचं इंजेक्शन सोबत असेल तर ते २ ते ८ अंशांत लागतं. थर्मासच्या डब्यात बर्फाची पिशवी, तिच्यावर टॉवेलची घडी, वर इंजेक्शनचा खोका. बर्फाला थेट चिकटलं की गोठतं, आणि गोठलेलं वापरायचं नसतं. घरात वीज जाण्याची वेळ ठरलेली असेल तर फ्रिजच्या दारात ठेवू नका. आतल्या मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून चार बोटं पुढे.